पंच्याऐंशी ग्रेनचा कायदा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी मोठ्या प्राण्यांच्या शिकारीची एक जाडसर पुस्तिका काढतं. परवान्यांचे प्रकार, सोडतीच्या तारखा, डोंगरांचे विभागवार नकाशे, भगव्या जाकिटाचं किमान क्षेत्रफळ असं बरंच काही तीत असतं. त्या गर्दीत रायफलविषयीचा मजकूर जेमतेम बोटभर जागेत बसतो. गोळीचा व्यास किमान .२४ इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास. नळी किमान १६ इंच आणि सगळी रायफल किमान २६ इंच लांब. अर्धस्वयंचलित असेल तर आत सगळी मिळून सहापेक्षा जास्त काडतुसं नकोत. गोळी लागल्यावर फुलणारी हवी. हरणासाठी तिचं वजन किमान ७० ग्रेन, एल्कसाठी किमान ८५. आणि शंभर यार्डांवर पोचेपर्यंत तिच्यात, उत्पादकाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे, किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा शिल्लक असली पाहिजे.

गेली काही वर्षं मी डेन्व्हरजवळ राहते. मी शिकार करत नाही, पुढे करेन असंही वाटत नाही. पण ऑक्टोबर लागला की इथल्या पेट्रोल पंपांवर, हार्डवेअरच्या दुकानांत, शाळेच्या फाटकाशी थांबलेल्या आईबापांत एकच विषय असतो, आणि ज्या डोंगरांच्या पायथ्याशी आपण राहतो तिथे नेमकं काय चालतं हे समजून न घेता नुसतं नाक मुरडणं मला पटेना. म्हणून पुस्तिका वाचायला घेतली, आणि त्या बोटभर मजकुरापाशी थांबले.

शिकारीचे कायदे शिकाऱ्याला आवरण्यासाठी असतात, अशी माझी समजूत होती. किती मारायचे, कधी, कुठे, नर की मादी. हा नियम उलट्या दिशेने बोलतो. तुझं हत्यार कमी पडता कामा नये, असं तो शिकाऱ्याला बजावतो. कमी ताकदीच्या गोळीने प्राणी वाचत नाही, तो जखमी होतो. पोटात गोळी घेऊन तो दाट झाडीत शिरतो आणि तासन्‌तास, कधी काही दिवस मरत राहतो. ७०, ८५ आणि १,००० हे आकडे त्या मरणाला रोखण्यासाठी आहेत. मारायचंच असेल तर लवकर मरू दे, ही मागणी कायद्याने ग्रेन आणि फूट-पौंडांत मांडली आहे. ती पुरेशी आहे का, याचा शोध घेताना मला हा विषय उलगडत गेला.

काडतूस म्हणजे गोळी नव्हे, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवं. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी दाबून बसवलेली गोळी, हे चार भाग मिळून काडतूस होतं. हवेतून जाते ती फक्त गोळी. तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो. मराठी घरात याचा अंदाज बांधणं सोपं आहे. इंग्रज अमदानीत ठरलेला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. अमेरिकेत एल्कसाठी सर्वांत जास्त नावाजलेल्या .३०-०६ काडतुसात जी १८० ग्रेनची गोळी घालतात, ती म्हणजे एक तोळा शिसं आणि तांबं. कायद्याने एल्कसाठी सांगितलेलं किमान वजन त्या मानाने अर्ध्या तोळ्याहूनही कमी, साडेपाच ग्रॅम भरतं. आणि एल्क म्हणजे काय? आपल्या सांबराचा थोरला भाऊ. पूर्ण वाढीचा नर तीनशे किलोच्या घरात जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. रुंद छाती, जाड खांदा, थंडीसाठी वाढलेले दाट केस, आणि जखम घेऊनही डोंगर चढून जाण्याची विलक्षण चिवट शक्ती. लांब कानांचं म्यूल हरीण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचंही नसतं. म्हणूनच एकाला ७० आणि दुसऱ्याला ८५. पण एवढ्या थोरल्या फरकाला पंधराच ग्रेनचं अंतर पुरतं का, हा प्रश्न मला पहिल्या वाचनातच पडला होता.

ऊर्जेचं गणित अवघड नाही. गोळीचं ग्रेनमधलं वजन आणि तिच्या वेगाचा, फूट प्रतिसेकंदांतला, वर्ग यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ४,५०,२४० ने भागायचं. .२४३ विंचेस्टरची १०० ग्रेनची गोळी सेकंदाला २,९६० फुटांनी निघते. भागाकार येतो १,९४६ फूट-पौंड. शंभर यार्डांवर हवेने तिचा वेग खाल्ला की साधारण १,६०० उरतात. म्हणजे ती कायद्यात आरामात बसते. लष्करी घराण्यातली .२२३ रेमिंग्टन मात्र तिन्ही कसोट्यांवर पडते. तिचा व्यास .२४ हून कमी आहे, तिची नेहमीची ५५ ग्रेनची गोळी हरणासाठीच्या ७० च्याही खाली राहते आणि त्या गोळीत शंभर यार्डांवर सुमारे ९२० फूट-पौंडच शिल्लक राहतात. दुसऱ्या महायुद्धातल्या .३० कार्बाइनची गोष्ट याहून बोलकी आहे. तिचा व्यास भरपूर, वजन ११० ग्रेन, पण वेग इतका कमी की नळीतून निघतानाच ऊर्जा हजाराच्या खाली असते. आजोबांची आठवण म्हणून जपलेली ती सुबक रायफल घेऊन कुणी हरणामागे गेला तर तो कोलोरॅडोत कायदा मोडतो. याउलट १८९५ साली बाजारात आलेली .३०-३०, हरणांच्या शिकारीचं सर्वांत घरगुती काडतूस, आज जुनाट वाटली तरी १७० ग्रेनच्या गोळीने शंभर यार्डांवर साडेतेराशे फूट-पौंड पोचवते आणि परीक्षा पास होते.

सगळ्यांत बारकी कसोटी .२४३ मध्येच दडलेली आहे. बार्न्स या कंपनीच्या पूर्ण तांब्याच्या गोळ्या या व्यासात ८० ग्रेनच्या मिळतात आणि ८५ च्याही. दिसायला जवळपास सारख्या. खिशात ८० वाली असेल तर हरीण चालेल, एल्क नाही. ८५ वाली असेल तर दोन्ही चालतील. पाच ग्रेन म्हणजे ग्रॅमचा तिसरा हिस्सा. त्या तिसऱ्या हिश्श्याने एल्कच्या मरणात फरक पडतो असं कुणीही अनुभवी माणूस म्हणणार नाही. पण कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि ती डब्यावर छापलेल्या आकड्यावरच ओढता येते, कारण तेवढंच वनरक्षकाला डोंगरात उभं राहून तपासता येतं.

आता फुलणाऱ्या गोळीविषयी. ही अट मला साऱ्या नियमांत सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिची मुळं थेट आपल्याकडे येतात. कलकत्त्याजवळच्या डमडम इथल्या दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात .३०३ च्या गोळीचं टोक धातूच्या आवरणातून उघडं ठेवण्याचा प्रयोग झाला. पूर्ण आवरणाची गोळी सरहद्दीवरच्या लढवय्यांच्या शरीरातून आरपार निघून जाते आणि माणूस चालतच राहतो, अशी ब्रिटिश सैन्याची तक्रार होती. उघड्या शिशाची गोळी आत जाऊन पसरली. तिच्या जखमा इतक्या भीषण होत्या की १८९९ साली हेगच्या परिषदेने शरीरात पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असं जाहीर केलं. त्या गावाचं नाव जगभर अशा गोळ्यांना चिकटलं ते कायमचं.

युद्धात जी गोळी निषिद्ध, तीच शिकारीत सक्तीची. यात मला विसंगती दिसत नाही. सैनिक जखमी झाला तर त्याला उचलून नेणारे, शस्त्रक्रिया करणारे कुणीतरी असतं, तो वाचावा अशी जगाची निदान कागदावर तरी इच्छा असते. जखमी हरणामागे कुणी स्ट्रेचर घेऊन धावत नाही. त्याच्या शरीरातून बारीक भोक पाडून गोळी निघून गेली, तर त्याच्या वाट्याला येतं ते फक्त लांबलेलं मरण. म्हणून फुलायचं, हृदय आणि फुप्फुसांतून रुंद वाट काढायची, रक्तदाब काही सेकंदांत कोसळवायचा. शिकारीच्या गोळीचं काम एवढंच असतं.

पण ती फुलावी किती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. फार लवकर फुलली तर खांद्याच्या हाडावरच तिचे तुकडे होतात आणि आतपर्यंत काही पोचत नाही. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाचा शिकारी ब्रिटिश कोलंबियात मूस जातीचं हरीण मारायला गेला असताना नेमकं हेच झालं. जोरदार मॅग्नम काडतुसाची गोळी चिखलाने माखलेल्या जाड कातडीवर फुटून गेली. घरी येऊन त्याने मधोमध तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी घडवली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा भिंतीमागे शाबूत राहतो आणि आत घुसत जातो. १९४८ मध्ये त्याची कंपनी उभी राहिली आणि ‘पार्टिशन’ ही गोळी आजही विकली जाते. काडतुसांची चर्चा करणाऱ्यांपैकी बहुतेक जण व्यास आणि वेगावरच भांडतात. मला विचाराल तर गेल्या पाऊणशे वर्षांत प्राण्याच्या दृष्टीने खरी सुधारणा झाली ती गोळीच्या बांधणीत, पुंगळीच्या आकारात नव्हे.

राज्याराज्यांचे नियम शेजारी शेजारी ठेवून पाहिले की आणखी एक गोष्ट कळते. मोंटानात मोठ्या प्राण्यासाठी रायफलचा किमान व्यासच ठरवलेला नाही. वायोमिंगमध्ये हरणासाठी .२२ व्यासाची पण किमान ६० ग्रेनची गोळी चालते, एल्कसाठी मात्र .२४ लागते. व्हर्जिनियात हरणासाठी किमान .२३, म्हणजे .२२३ अगदी थोडक्यात बाहेर. या राज्यांत कायद्याची चिंता प्राण्याविषयी आहे. मध्य-पश्चिमेकडे ओहायो, मिशिगन, इंडियाना, आयोवा या सपाट, शेतीच्या, गावांनी भरलेल्या मुलखात गेलं की चिंता बदलते. तिथे धास्ती माणसांची असते. चुकलेली गोळी मैलभर जाऊन कुणाच्या अंगणात पडेल म्हणून अनेक भागांत वर्षानुवर्षं हरणाला रायफलची बंदी होती आणि बाराबोअरमधून जाड शिशाचा गोळा झाडावा लागे. ओहायोने २०१४ मध्ये सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसं मंजूर केली, व्यास .३५७ ते .५०. मिशिगनने दक्षिणेकडच्या पट्ट्यात .३५ किंवा त्याहून मोठा व्यास आणि १.१६ ते १.८० इंच लांबीची पुंगळी अशी अट घातली. सरळ पुंगळीत दारू कमी मावते, गोळी जड आणि संथ असते, लवकर खाली येते, असा त्यामागचा हिशेब.

मग कंपन्यांनी या अटींच्या मापाने काडतुसं शिवली. विंचेस्टरची .३५० लेजंड २०१९ मध्ये आली ती याच राज्यांसाठी. रेमिंग्टनची .३६० बकहॅमर २०२३ मध्ये. एरवी शिकाऱ्याला काय हवं ते पाहून काडतूस जन्मतं, इथे नियमपुस्तक पाहून जन्मलं. त्यात काही गैर नाही. .३५० लेजंडचा धक्का सौम्य आहे आणि दोनशे यार्डांच्या आत हरणाला ती पुरते. नवख्यांच्या आणि मुलांच्या हातात ती देणारे पुष्कळ आहेत. मात्र या नियमांमागचा सुरक्षेचा समज पूर्ण खरा नाही. पेन्सिल्व्हेनियासाठी २००७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की जमिनीला समांतर झाडलेला बाराबोअरचा गोळा टप्पा घेऊन रायफलच्या गोळीपेक्षाही दूर जाऊ शकतो. मागे मातीचा उतार आहे की नाही हे पाहून चाप ओढणं, याला पुंगळीचा कोणताही आकार पर्याय ठरत नाही.

कोलोरॅडोत परत येऊ. इथल्या शिकाऱ्यांत एक जुना वाद आहे आणि तो दोन माणसांच्या नावाने ओळखला जातो. जॅक ओ’कॉनर हा अ‍ॅरिझोना विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारा प्राध्यापक, पुढे ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा बंदूक-विषयाचा संपादक. त्याने १९२५ साली आलेल्या .२७० विंचेस्टरची आयुष्यभर पाठराखण केली. १३० ग्रेनची, वेगवान, नेमकी गोळी. दुसरा एल्मर कीथ, आयडाहोतला गुराखी आणि वाटाड्या. त्याचं म्हणणं, एल्कसारख्या जनावराला जाड आणि जड गोळी हवी, .३३ व्यासाची, दोनशे ग्रेनच्या वर, कारण जनावर नेहमी तुम्हाला हवं तसं आडवं उभं राहत नाही. पळताना मागून तिरपी गोळी घालावी लागली तर तिने आख्खं शरीर भेदून छातीपर्यंत पोचलं पाहिजे. दोघांनीही अफाट शिकार केली होती आणि दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक होते. पण माझं मत ओ’कॉनरकडे झुकतं, आणि त्याचं कारण कीथच्याच युक्तिवादात आहे. पाठमोऱ्या, पळत्या एल्कवर चाप ओढावा लागतो, हे गृहीतच मला मान्य नाही. ओढावा लागत नाही. सोडून देता येतो.

हे मला पुस्तकाने नाही, एका माणसाने शिकवलं. मूळचे साताऱ्याकडचे, पुलांच्या बांधकामातले अभियंता, वीसेक वर्षं कोलोरॅडोत. मी त्यांना दादाच म्हणते. त्यांच्या आजोबांकडे पिकाच्या राखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. इथे आल्यावर मित्रांच्या संगतीने त्यांनी शिकाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रम केला, जो १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सक्तीचा आहे, आणि पहिली रायफल घेतली ती .३०० विंचेस्टर मॅग्नम. १८० ग्रेनची गोळी, नळीच्या तोंडाशी साडेतीन हजार फूट-पौंड. मोठं जनावर, म्हणून मोठं काडतूस.

“ताई, पहिल्या बारालाच खांदा काळानिळा झाला,” ते म्हणाले. “मग काय व्हायला लागलं, चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायचे. मला कळायचंही नाही. आमच्या इथल्या म्हाताऱ्या गुरुजींनी एकदा मुद्दाम रिकामं काडतूस भरून दिलं. बार उडालाच नाही, पण नळी वीतभर खाली गेली. सगळ्यांसमोर.”

ती रायफल त्यांनी विकून टाकली आणि .३०८ घेतली. १९५२ मध्ये आलेलं, आखूड पुंगळीचं, कोणत्याही दुकानात मिळणारं, धक्का निम्म्याच्या थोडा वर. आता ते उन्हाळाभर महिन्यातून दोनदा चांदमारीवर जातात, आणि टेबलावर रायफल टेकवून नव्हे, बसून, गुडघ्यावर कोपर ठेवून, धापा टाकत झाडतात, कारण दहा हजार फुटांवर एल्क समोर येतो तेव्हा माणूस धापाच टाकत असतो. त्यांची आई साताऱ्याहून फोनवर अजूनही विचारते, “हरणं मारायला एवढ्या लांब गेलास का रे?” याचं उत्तर ते देत नाहीत. मला एवढंच म्हणाले, “तिचं बरोबर आहे. म्हणून तर एवढा सराव करतो.”

धक्क्याचा मुद्दा कायद्यात कुठेच येत नाही आणि येऊही शकत नाही. पण दुकानाच्या काउंटरवर होणारी सर्वांत मोठी चूक तिथेच असते. नवशिक्याला वाटतं, जास्त ताकद म्हणजे जास्त खात्री. प्रत्यक्षात ज्या रायफलीला माणूस घाबरतो तिची गोळी पोटात किंवा पायात लागते, आणि पोटात लागलेली साडेतीन हजार फूट-पौंडांची गोळी फुप्फुसात लागलेल्या दीड हजाराच्या गोळीपुढे काहीच नाही. दुसऱ्या टोकालाही तितकाच धोका आहे. .२४३ कायदेशीर आहे म्हणून ती एल्ककरता घ्यावी असं मी कुणाला सांगणार नाही. निष्णात माणसाने, जवळून, आडव्या उभ्या मादीवर, तांब्याच्या किंवा घट्ट बांधणीच्या गोळीने ती वापरली तर काम होतं. नवख्याच्या हातात ती चुकीला जागाच ठेवत नाही. हरणासाठी मात्र ती उत्तम. तिचा जन्मच हरणाचा विचार करून झाला. १९५५ मध्ये विंचेस्टरने .२४३ काढली तेव्हाच रेमिंग्टननेही त्याच व्यासाची .२४४ काढली, पण रेमिंग्टनने नळीतला पीळ सैल ठेवला, हलक्या गोळ्या आणि छोट्या प्राण्यांसाठी. विंचेस्टरने पीळ घट्ट ठेवला आणि १०० ग्रेनची गोळी नीट फिरू दिली. हरणवाल्यांनी .२४३ उचलली आणि .२४४ मागे पडली. नळीच्या पिळातल्या दोन इंचांच्या फरकाने एका काडतुसाचं नशीब ठरलं.

एल्क आणि हरीण दोन्हीसाठी एकच रायफल घ्यायची असेल तर मधला पट्टा पुरतो: .२७०, ७ एमएम-०८, .३०८, .३०-०६. अलीकडची ६.५ क्रीडमूर, २००७ मध्ये हॉर्नडीने काढलेली, हीसुद्धा, पण तिच्या सौम्य धक्क्यामुळे आणि दूरवर नेम साधण्याच्या कीर्तीमुळे एक नवाच मोह तयार झाला आहे. लोक तिने सहाशे, सातशे यार्डांवरच्या एल्कवर गोळी घालायला निघतात. अनुभवी लोक एल्कवर पोचताना दीड हजार फूट-पौंड असावेत असं मानतात, आणि समुद्रसपाटीच्या हिशेबाने तिची १४३ ग्रेनची गोळी चारशे यार्डांच्या अलीकडेच तो आकडा ओलांडून खाली येते. उंचावरच्या विरळ हवेत थोडी सवलत मिळते, सातशे यार्डांची मिळत नाही. शिवाय एवढ्या अंतरावर गोळी पोचायला सेकंदभर लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल टाकतं, आणि फुप्फुसावर धरलेला नेम पोटावर लागतो. कायद्याने शंभर यार्ड हा आकडा ऊर्जा मोजण्यासाठी घेतला. कमाल अंतराची अट त्याने घातलेली नाही, ती शिकाऱ्याने स्वतः घालून घ्यायची असते. यात जे हयगय करतात त्यांच्याविषयी मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

शिशाचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. शिशाची गोळी फुलताना तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांना वाटायच्या हरणाच्या खिम्याचे क्ष-किरण काढले तेव्हा त्यात शिसं चमकलं आणि राज्याने तो खिमा टाकून द्यायला सांगितला. जंगलात राहिलेली आतडी गिधाडं आणि गरुड खातात. कॅलिफोर्नियाचं कॉन्डोर गिधाड १९८२ मध्ये बावीसच्या आसपास उरलं होतं. पिंजऱ्यात वाढवून सोडलेल्या पक्ष्यांना पुन्हा शिशाचीच विषबाधा होऊ लागली. कॅलिफोर्नियाने आधी कॉन्डोरच्या प्रदेशात आणि १ जुलै २०१९ पासून सगळ्या राज्यात शिकारीला शिसं बंद केलं. कोलोरॅडोने अजून तसं केलेलं नाही. तरी दादांनी तांब्याची गोळी घेतली, घरातली मुलं ते मांस खातात म्हणून. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे त्याच लांबीची गोळी वजनाने कमी भरते, आणि इथे जुने कायदे अडखळतात. स्कॉटलंडमध्ये १९८५ पासून मोठ्या हरणांसाठी किमान १०० ग्रेनची अट होती. तांब्याला वाट करून द्यायला २०२३ मध्ये ती ८० वर आणली. माझ्या मते कोलोरॅडोनेही ८५ चा आकडा पुन्हा तपासावा. गोळीचं वजन हे ताकदीचं माप म्हणून ठरलं तेव्हा सगळ्या गोळ्या शिशाच्याच होत्या.

या साऱ्यात पैसा कुठून येतो हेही पाहिलं पाहिजे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर, जो आज ११ टक्के आहे, राज्यांच्या वन्यजीव खात्यांना दिला. काडतुसाचा प्रत्येक डबा विकला गेला की त्यातून कुरणं, मोजणी, संशोधन चालतं. कोलोरॅडोत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारासाठी केलेल्या कत्तलीने एल्क जवळजवळ नाहीसा झाला होता. १९१० च्या दशकात वायोमिंगहून आगगाडीने जनावरं आणून सोडली गेली. आज राज्यात पावणेतीन ते तीन लाख एल्क आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. जंगली मांस विकणं गुन्हा आहे, खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं हाही गुन्हा आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. पण विदर्भात, सह्याद्रीच्या पायथ्याला रानडुक्कर आणि रोही मरतातच. वनखात्याच्या परवानगीने थोडे, बाकी तारेत सोडलेल्या विजेने, फाशात, पिठाच्या गोळ्यात लपवलेल्या गावठी बॉम्बने. जबडा फुटलेलं डुक्कर उपाशी मरायला किती दिवस घेतं, याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. बोअरचा, म्हणजे नळीच्या व्यासाचा, कायदा आपल्याकडेही आहे, जुना आणि कडक, पण त्याचा उगम वेगळा. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .४५० बोअर बंद केलं ते बंडखोरांच्या हाती गोळ्या लागू नयेत म्हणून, आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी लगोलग .४७० सारखी नवी बोअर काढली. लष्कराची .३०३ नागरिकांना नको, म्हणून .३१५ आली, जी इशापूरच्या सरकारी कारखान्यात पुढे कित्येक दशकं बनत राहिली. आपल्या नियमाला भीती होती ती बंदूक धरणाऱ्याची. समोरच्या जनावराचा त्यात विचार नव्हता. पिकाचं नुकसान थांबवायला जनावर मारावंच लागणार असेल, आणि तशी वेळ खरोखर येते, तर ते कशाने आणि किती लवकर मरावं हे सांगणारा बोटभर मजकूर आपल्यालाही हवा.

पहिल्यांदा काडतूस घ्यायला निघालेल्या माणसाने काय करावं, हे मी दादांना विचारलं. त्यांनी आधी पुस्तिका काढायला लावली, त्याच वर्षाची, कारण नियम बदलतात. मग डब्याच्या कडेवरचा तक्ता: शंभर यार्डांच्या रकान्यात ऊर्जा किती, गोळीचं वजन किती, ती फुलणारी आहे की पूर्ण आवरणाची. एवढं झालं की कायदा संपला. त्यानंतर जेवणाच्या ताटाएवढा कागद दोनशे यार्डांवर लावायचा, बसून पाच गोळ्या झाडायच्या. पाचही आत असतील तर थोडं मागे सरकायचं. एखादी बाहेर गेली की मागच्या जागी परत यायचं, ते अंतर परवान्याच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवायचं आणि त्या मोसमात त्यापलीकडे रायफल खांद्याला लावायची नाही. दादांच्या यंदाच्या परवान्यावर २५० लिहिलेलं आहे.